परक्या घराची राखण

पाहुणा म्हणून दुसऱ्याच्या घरी राहणे निराळे आणि राखणदार म्हणून राहणे निराळे. पाहुणा यायचा म्हणजे घर नीटनेटके केले जाते आणि घरातील उणे त्याच्या दृष्टीआड ठेवले जाते. राखणदाराच्या हाती किल्ल्या येतात, आणि किल्ल्यांबरोबर ते सारे उणेही येते. कोणता नळ ठिबकतो, कोणत्या खिडकीची कडी बसत नाही, कोणती भिंत ओल धरते, हे त्याला दोन दिवसांत कळून चुकते. राखण हा शब्द आपल्या भाषेत मूळचा शेताशिवारातला. माळ्यावर बसून पाखरे हाकणाऱ्या माणसाच्या मालकीचे ते पीक असेलच असे नाही. परंतु पाखरांचा थवा उतरला तर जाब त्यालाच द्यावा लागतो. घराला कुलूप लावून महिना महिना बाहेर राहणे ही आता नित्याची गोष्ट झाली आहे. पण पावसाळ्यात कुलूप पुरे पडत नाही. कुलूप चोराला अडवील, पाण्याला अडवीत नाही.

२०२२ सालच्या ऑगस्ट महिन्यात गोंदियाच्या एका जोडप्यावर अशी राखण करण्याचा प्रसंग आला. गृहस्थ पोस्टखात्यातून पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झालेले. निवृत्तीला सहा वर्षे उलटली, तरी गल्लीत त्यांना पोस्टमास्तर म्हणूनच ओळखतात. त्यांच्या पत्नीचे माहेर लांजीचे. लांजी हे गाव आज मध्य प्रदेशात, बालाघाट जिल्ह्यात असले तरी तेथील घराघरांतून मराठी बोलली जाते, आणि त्याला कारणही आहे. १८६७ साली भंडारा, मंडला आणि शिवनी या जिल्ह्यांचे तुकडे जोडून बालाघाट जिल्हा तयार करण्यात आला. त्यापूर्वी हा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होता. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा भंडारा मुंबई राज्यात गेला आणि बालाघाट मध्य प्रदेशातच राहिला. सीमेची रेषा नकाशावर पडली, सोयरिकी मात्र पूर्वीसारख्याच चालू राहिल्या.

पोस्टमास्तरांच्या पत्नीची धाकटी बहीण मलाजखंडला असते. तिचे यजमान तेथील तांब्याच्या प्रकल्पात नोकरीस आहेत. दोघी बहिणींना भाऊ नाही. वडिलांच्या पश्चात लांजीचे घर बरीच वर्षे बंद होते. धाकटीच्या मुलाच्या शिक्षणासाठी पैशांची निकड निर्माण झाली, तेव्हा ते विकावे असे तिने सुचविले. थोरलीच्या मनात घर विकावयाचे नव्हते. व्यवहार झाला, पण त्या वेळी थोरली रागाच्या भरात बोलून गेली, “मला त्या घरातली काडीसुद्धा नको.” घर रिकामे करण्याच्या दिवशीही ती गेली नाही. त्यानंतर सहा वर्षे दोघींची गाठ पडली ती लग्नकार्यात, आणि तीही चारचौघांसमक्ष.

जुलैच्या अखेरीस धाकटीचा दूरध्वनी आला. तिच्या यजमानांच्या हृदयाची शस्त्रक्रिया नागपूरला ठरली होती. मुलगा पुण्याहून परस्पर नागपूरला येणार होता. “मी येते ना नागपूरला,” थोरली तत्काळ म्हणाली. त्यावर धाकटी थोडा वेळ थांबली आणि म्हणाली, “ताई, इथे माणसे आहेत. घराला माणूस नाही. भर पावसात तीन आठवडे घर बंद राहिले तर आत शिरता यायचे नाही. तू आणि भाऊजी मलाजखंडला जाल का?”

थोरलीला हे लागले. आजाऱ्याच्या उशाशी बसण्याचा मान आपल्याला नाही. आपल्याला रखवालदाराचे काम! पोस्टमास्तरांनी तिची समजूत घातली. ते म्हणाले, “अगं, उशाशी बसायला कोणीही चालते. किल्ल्या मात्र कोणाच्याही हाती देत नाहीत.” बाईंचे तेवढ्याने समाधान झाले असे नाही, परंतु त्यांनी पिशव्या भरावयास घेतल्या.

गोंदियाहून बालाघाटपर्यंत आगगाडी आहे. पूर्वी हीच वाट जबलपूरपर्यंत अरुंद रुळांवरून जाई. ती छोटी गाडी आता इतिहासजमा झाली आणि तिच्या जागी रुंद रूळ आले. बालाघाट सोडून बस बैहरच्या रस्त्याला लागली की प्रथम भरवेलीची मँगेनीजची खाण लागते. पुढे गांगुलपाऱ्याच्या आसपास डोंगर जवळ येतात आणि घाट सुरू होतो. बीडकडच्या बालाघाट डोंगराशी या जिल्ह्याचा संबंध नाही. पण नावाचा अर्थ एकच, घाटावरचा मुलूख. त्या दिवशी घाटात ढग इतके खाली उतरले होते की बसच्या दिव्यांपुढे चार हातांपलीकडे दिसत नव्हते. बांबूची बेटे पाण्याने वाकून रस्त्यावर आली होती. उकव्याच्या खाणी मागे पडल्या, आणि घाटमाथ्यावर सालवृक्षांचे अरण्य सुरू झाले. सागाचे वन पाहण्यास सरावलेल्या वैदर्भीय डोळ्यांना सालाचे वन वेगळे वाटते. साग पाने गाळून उघडा पडतो. साल बहुधा पूर्ण उघडा पडत नाही, आणि पावसात तर तो काळसर हिरव्या भिंतीसारखा उभा राहतो.

बैहरच्या थांब्यावर चहा घेताना पोस्टमास्तरांना एक जुनी माहिती आठवली. या पठाराच्या एका अंगाचे पाणी बंजर नदीतून मंडल्याला नर्मदेस मिळते आणि पश्चिमेच्या समुद्रास जाते. दुसऱ्या अंगाचे वैनगंगेतून प्राणहितेस, तेथून गोदावरीस आणि पूर्वेच्या समुद्रास. त्यांनी हे पत्नीस सांगितले. बाई खिडकीबाहेर पाहत होत्या. “एकाच डोंगराच्या दोन लेकी,” त्या म्हणाल्या, “आणि तोंडे दोन दिशांना.” पोस्टमास्तर यावर काही बोलले नाहीत.

मलाजखंडची वसाहत म्हणजे प्रकल्पाच्या कर्मचाऱ्यांची घरे. सरळ रस्ते, एकसारखी एकमजली क्वार्टरे, प्रत्येकाच्या मागे छोटेसे अंगण. धाकटीच्या अंगणात पेरूचे एक झाड होते आणि त्याच्या फांद्या गच्चीवर पसरल्या होत्या. शेजारी छत्तीसगढचे एक कुटुंब होते, त्यांच्याकडे किल्ल्या होत्या. स्वयंपाकघरातील कपाटावर धाकटीने एक कागद चिकटवून ठेवला होता. त्यावर कामे क्रमवार लिहिलेली: देवापाशी दिवा लावणे, दूध सकाळी सहाला घेणे, तांदळाचा डबा आठवड्यातून एकदा उघडून पाहणे, पंखे रोज तासभर चालू ठेवणे, म्हणजे भिंती ओल धरणार नाहीत. सहाव्या कलमात लिहिले होते: गच्चीच्या पाण्याच्या वाटेत पेरूची पाने अडकतात, ती एक दिवसाआड काढावी; शिडीवर भाऊजींनी चढू नये, शेजारचा मुलगा चढेल, त्याला फक्त आठवण द्यावी. आणि शेवटी: मागच्या खोलीत अडगळ आहे, ती तशीच राहू द्यावी.

पोस्टमास्तरांनी त्या कागदाशेजारी दुसरा कागद लावला, त्यावर रेघा मारून तारखांची घरे आखली, आणि काम झाले की त्या घरात खूण करावयास आरंभ केला. चाळीस वर्षांची सवय होती ती.

पहिले आठ दिवस पाऊस थांबला नाही. तो एकसारखा पडे, मध्येच मंद होई, पुन्हा जोर धरी. कपडे वाळत नसत; चुलीच्या उबेवर वाळवावे तसे बाई ते गॅसच्या शेगडीजवळ दोरीवर पसरीत. दूध देणारी बाई डोक्यावर प्लास्टिकचा कागद घेऊन येई आणि ओट्यावर क्षणभर टेके. तिने एके दिवशी पानांच्या पुडीत रानातल्या अळिंब्या आणून दिल्या. ती त्यांना पिहरी म्हणाली. बाईंनी त्या पाहताच ‘सात्या’ म्हणून ओळखल्या. लांजीला आई श्रावणात सात्यांची भाजी करी, हे त्या बोलून गेल्या, आणि बोलल्यावर बराच वेळ गप्प राहिल्या. भातासाठी चिन्नोर तांदूळ घरात होता. बालाघाटच्या या सुवासिक तांदळास २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. बाईंच्या माहेरी मात्र त्याला मानांकनाची गरज कधीच वाटली नव्हती. त्या घरात तो सणासुदीलाच शिजे.

नागपूरहून रोज संध्याकाळी दूरध्वनी येई. शस्त्रक्रिया पार पडली, साडूंनी डोळे उघडले, ते दोन पावले चालले, अशा बातम्या येत. बोलणे नेमके आणि थोडके असे. “घर कसे आहे?” “ठीक आहे.” त्यापलीकडे दोघी बहिणी जात नसत.

पाऊस जरा उघडला तेव्हा शेजारच्या गृहस्थांनी रीतसर परवानगी काढून दोघांना खाण दाखवावयास नेले. पहिल्या दिवशी काहीच दिसले नाही. काठावर उभे राहिले तर खाली केवळ पांढरे धुके, आणि त्याच्या तळातून पंपांचा आवाज. दुसऱ्या वेळी गेले तेव्हा वाऱ्याने धुके बाजूस सारले आणि पाच-सात मिनिटे सारी खाण उघडी पडली. दोन किलोमीटरांहून अधिक लांबीचा खड्डा, त्याच्या बाजूंना पायऱ्यांसारखे टप्पे, टप्प्यांवरून उतरणारे रस्ते, आणि तळाशी साचलेले पाणी. ओल्या खडकावर कोठे कोठे तांब्याचा हिरवा-निळा गंज चढलेला दिसत होता. एकेकाळी या जागी डोंगर होता, हे सांगूनही खरे वाटले नसते.

मलाजखंडचा खडक सुमारे अडीचशे कोटी वर्षांपूर्वीचा. त्या ग्रॅनाइटमध्ये धनुष्याकृती वळलेली गारेची भिंत आहे आणि तिच्या अंगाने तांबे पसरले आहे. १९६७ साली हिंदुस्थान कॉपर ही सरकारी कंपनी स्थापन झाली, आणि तिने येथे उभारलेला प्रकल्प १९८२ साली सुरू झाला. देशातील तांब्याच्या ज्ञात साठ्याचा फार मोठा भाग या एका ठिकाणी आहे. परंतु तांबे म्हणून काही तांब्याच्या विटा निघत नाहीत. साधारणपणे शंभर किलो दगडामागे एक किलो तांबे हाती येते. दगड फोडावयाचा, पिठासारखा दळावयाचा, पाण्यात कालवून त्यात हवेचे बुडबुडे सोडावयाचे. तांब्याचे कण बुडबुड्यांना चिकटून फेसाबरोबर वर येतात आणि तो फेस काढून घेतात. खाली उरतो तो चिखल. तो बंधाऱ्यामागे साठवून ठेवतात, आणि त्या बंधाऱ्याची देखरेख खाण बंद झाल्यावरही सोडून चालत नाही. उघड्या खाणीच्या खाली जाऊन बोगद्यांतून तांबे काढण्याचेही काम आता हाती घेण्यात आले आहे.

“घरातला दिवा लागतो तो या तारेनेच,” शेजारी अभिमानाने म्हणाले. ते खरेच होते. बाईंनी खड्ड्याकडे पाहत विचारले, “हा पुन्हा कधी भरणार?” शेजारी हसले. “असा खड्डा पुन्हा भरत नसतो, बहेनजी. त्याचे कडे ढासळू नयेत एवढे पाहायचे.” परतताना बाई पोस्टमास्तरांना म्हणाल्या, “म्हणजे इथेही राखणच.”

आठवड्याच्या बाजारात त्यांनी बैगा स्त्रिया पाहिल्या. कपाळावर आणि पायांवर गोंदण, पुढ्यात कोवळ्या बांबूचे कोंब. आपण त्यांना वास्ते म्हणतो. बैगा ही या डोंगरांतील फार जुनी जमात. जमीन ही आई असून नांगराने तिची छाती फाडू नये, अशी त्यांची समजूत होती, आणि म्हणून ते झाडेझुडपे जाळून त्या राखेत बी टाकीत. या पद्धतीला बेवर म्हणत. इंग्रज सरकारने जंगलाच्या रक्षणाचे कारण देऊन बेवर बंद केले आणि १८९० च्या सुमारास ‘बैगा चक’ म्हणून एक छोटा प्रदेश तेवढा त्यासाठी मोकळा ठेवला. व्हेरिअर एल्विन यांनी १९३९ साली या जमातीवर मोठा ग्रंथ लिहिला. गोंडांच्या गावांतूनही गावदेवाची पूजा आणि शिवार बांधण्याचा विधी बैगाच्या हातून होत असे. ज्याने शिवाराची राखण करावयाची, त्याच्याच हातून शिवार गेले. बाजारात या गोष्टी कोणी बोलत नव्हते. बाईंनी वास्ते घेतले आणि किंमत पाडून मागितली नाही.

मुक्कामाच्या दुसऱ्या आठवड्यात पोस्टमास्तरांच्या मनाने कान्हाची ओढ घेतली. एवढ्या जवळ येऊन वाघांचे अरण्य पाहू नये काय? १ जुलैपासून सप्टेंबरअखेरपर्यंत अभयारण्याचा गाभा प्रवाशांस बंद असतो, हे शेजाऱ्यांनी सांगितले. “दार तरी पाहून येऊ,” असे पोस्टमास्तर म्हणाले. बाईंचे मन घर सोडण्यास तयार नव्हते. पण सकाळी ऊन पडले होते, श्रावणातले पिवळे ऊन, आणि त्या उन्हाने त्यांनाही भुलविले. निघण्याच्या घाईत शेजारच्या मुलाला गच्चीची आठवण द्यावयाची राहून गेली. पाने काढण्याचा तो दिवस होता.

बैहरवरून ते मुक्कीला पोहोचले. बंजर नदी गढूळ पाण्याने भरून वाहत होती. फाटक बंद होते. पहाऱ्यावरील वनरक्षकाने त्यांना ओसरीवर बसावयास जागा दिली आणि पाऊस येईपर्यंत गोष्टी सांगितल्या. कान्हा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झाले आणि १९७३ साली व्याघ्र प्रकल्पात आले. पण त्याच्या मते येथील खरी गोष्ट वाघाची नसून बारशिंग्याची होती. कठीण जमिनीवर राहणारी बारशिंग्याची ही जात रानात अन्यत्र कोठे उरली नव्हती. १९७० साली मोजणी झाली तेव्हा येथे अवघी ६६ जनावरे निघाली. मग कुरणे राखली, कुंपण घालून त्यात काही कळप वाढविले, हिंस्र पशूंपासून पाडसे सांभाळली. आज संख्या हजाराच्या घरात गेली आहे, आणि काही जनावरे दुसऱ्या अरण्यांत नेऊन सोडली आहेत. “त्यासाठी आमची गावेही उठली,” तो सहज म्हणाला. त्याचे आजोबा आतल्या गावचे होते. कुरणासाठी ज्या वस्त्या हलविल्या, त्यांतच त्यांचे घर गेले. “आता मी त्याच कुरणाची राखण करतो.” त्याच्या आवाजात तक्रार नव्हती, आणि आनंदही नव्हता. बाईंनी त्याला सोबतच्या डब्यातील पोळी दिली.

दुपारी आभाळ भरून आले. बैहरला पोहोचेपर्यंत पावसाने झोड उठविली, आणि पुढच्या रपट्यावरून पाणी वाहू लागल्याने मलाजखंडची बस निघाली नाही. त्या आठवड्यात सबंध पूर्व विदर्भ आणि त्याला लागून असलेला हा मुलूख अतिवृष्टीने झोडपून निघाला होता. दोघांनी रात्र धर्मशाळेत काढली. मध्यरात्री पोस्टमास्तर उठून बसले. “सहावे कलम,” ते म्हणाले. बाई जाग्याच होत्या.

सकाळी घर उघडले तेव्हा पुढच्या खोल्या कोरड्या होत्या. मागच्या खोलीचे दार ढकलले तर पाणी घोट्याच्या वर. गच्चीवरचे पाणी वाट न मिळाल्याने साचून भिंतीच्या फटीतून उतरले होते. मुलाने वर चढून पानांचा लगदा काढला तेव्हा पन्हळीतून पाण्याचा लोट कोसळला. खाली जुन्या गाद्या, मोडकी खुर्ची, आणि त्यांच्या मागे, विटांवर ठेवलेली एक पत्र्याची पेटी. विटा बुडाल्या होत्या आणि पेटीच्या तळाला पाणी लागले होते.

बाईंनी ती पेटी ओळखली. झाकणावर वडिलांचे नाव पांढऱ्या रंगात लिहिलेले होते; अक्षरे अर्धी उडाली होती. वडील लांजीला शिक्षक होते. त्यांची पत्रे, शाळेच्या वह्या, हिशेबाची चोपडी त्या पेटीत असत. घर विकले त्या दिवशी ती भंगारात गेली असणार, असे बाईंनी सहा वर्षे धरून ठेवले होते, आणि त्या दुःखातला निम्मा भाग बहिणीच्या नावावर जमा केला होता.

पेटीला कुलूप नव्हते, नुसती कडी. तरी दोघे थबकली. अडगळ तशीच राहू द्यावी, असे कागदावर लिहिले होते. “न उघडावी तर कागद कुजतील,” पोस्टमास्तर म्हणाले, “उघडली तर शब्द मोडेल. पण शब्द वस्तू वाचविण्यासाठी दिलेला आहे.” त्यांनी कडी काढली.

तळची पत्रे भिजून एकमेकांना चिकटली होती. पोस्टमास्तरांच्या हातांना अशा कामाची माहिती होती. पुराच्या साली भिजलेल्या थैल्या त्यांनी हाताळल्या होत्या. एकेक कागद ओढावयाचा नाही, पाण्याबरोबर सुटू द्यावयाचा. दोन्ही बाजूंना कोरडे वर्तमानपत्र ठेवावयाचे. आणि पंख्याचा वारा सरळ अंगावर न घेता छताकडे वळवावयाचा. जमिनीवर चादरी अंथरून त्यांनी पत्रे पसरली. पोस्टमास्तर प्रत्येक पत्र पालथे ठेवीत होते. बाईंनी एक उताणे केले तेव्हा ते म्हणाले, “वाचू नकोस.”

“माझ्या वडिलांची आहेत.”

“तुझ्या वडिलांची आहेत, आणि तुझ्या बहिणीने जपलेली आहेत. तिच्या पाठीमागे नको. चाळीस वर्षे हजारो पत्रे या हातांतून गेली. पत्र हाती असणे आणि पत्र आपले असणे यांत फरक आहे.”

बाईंनी ते पत्र पुन्हा पालथे ठेवले. वडिलांचे अक्षर दिसले होते तेवढेच. पुढील तीन दिवस त्या घरात स्वयंपाक कसाबसा झाला आणि कागद मात्र वेळच्या वेळी उलटले गेले. पाच-सहा पत्रांची शाई पूर्ण पसरली होती. त्यांना उपाय नव्हता. बाकीचे सारे वाचले. हिशेबाच्या चोपडीची पाने तेवढी लाटांसारखी वाकली.

संध्याकाळी दूरध्वनी आला. “घर कसे आहे?” बाईंनी पोस्टमास्तरांकडे पाहिले. “मागच्या खोलीत पाणी आले होते,” त्या म्हणाल्या, “काढले. आल्यावर सगळे सांगते. तू आत्ता तिकडचे पाहा.” आजाऱ्याजवळ बसलेल्या बाईच्या मनावर आणखी भार घालावयाचा नव्हता, आणि खोटेही बोलावयाचे नव्हते. दोहोंच्या मधली ही वाट त्यांना सापडली.

पोळा झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी धाकटी आणि तिचे यजमान परत आले. साडू वाळले होते, पण स्वतःच्या पायांनी ओसरी चढले. चहा झाल्यावर पोस्टमास्तरांनी कपाटावरचा आपला कागद काढून धाकटीपुढे ठेवला. सहाव्या कलमासमोर एका तारखेचे घर कोरे होते आणि त्यात बारीक अक्षरांत लिहिले होते: ‘या दिवशी काम झाले नाही. आम्ही मुक्कीला गेलो होतो.’ मग त्यांनी तिला मागच्या खोलीत नेले.

धाकटीने कोरड्या पत्रांच्या, सुतळीने बांधलेल्या गड्ड्या पाहिल्या. “ताई, वाचलीस?”

“नाही. वाळवली.”

“तू म्हणाली होतीस, त्या घरातली काडी नको,” धाकटी म्हणाली. “भंगारवाल्याने उचलली होती पेटी. मी उतरवून घेतली. तुला सांगितले असते तर तू परत पाठवली असतीस. म्हणून अडगळीत ठेवली.”

थोरलीला यावर उत्तर सुचले नाही. थोड्या वेळाने ती म्हणाली, “माझ्यामुळे पाच-सहा पत्रे गेली.”

“माझ्याकडे राहून वाळवीने गेलीच असती,” धाकटी म्हणाली आणि जमिनीवर बसली. थोरलीही बसली. दुपारभर मागच्या खोलीचे दार अर्धवट लोटलेले होते. आतून कधी वाचण्याचा, कधी हसण्याचा आणि मध्येच काहीच नसल्याचा आवाज येत होता. पोस्टमास्तर आणि त्यांचे साडू बाहेर ओसरीवर पाऊस पाहत बसले. साडूंनी सांगितले की आणखी दोन वर्षांनी आपण निवृत्त होणार, आणि तेव्हा हे क्वार्टर रिकामे करून द्यावे लागेल. चोवीस वर्षे या घरात राहिलो, पेरूचे झाड स्वतः लावले, पण घर कधी आपले नव्हते. “आम्हीही राखणदारच,” ते म्हणाले.

निघताना धाकटीने पेटी देऊ केली. थोरलीने ती घेतली नाही. “क्वार्टर सोडाल तेव्हा गोंदियाला पाठव,” ती म्हणाली. “तोवर इथेच असू दे; मात्र मागच्या खोलीत नको, आणि जमिनीवर नको.” दोघींनी मिळून पेटी उचलली आणि पुढच्या खोलीतील कपाटावर ठेवली. पोस्टमास्तरांनी किल्ल्या मोजून परत दिल्या.

घाट उतरताना पाऊस थांबला होता. खाली वैनगंगेचे पात्र दोन्ही काठ भरून वाहत होते. राखण करणाऱ्यास पिकाचा वाटा मिळत नाही असे म्हणतात. बाईंच्या पिशवीत चिन्नोर तांदळाची एक पुरचुंडी होती, आणि पुढच्या दिवाळीस धाकटीने सहकुटुंब गोंदियास यावयाचे असे ठरले होते.